बिघडलेल्या चिकाची तारीफ

आमच्या गल्लीत मैत्रीण मिळवायची असेल तर आधी स्वतःला नावं ठेवता यावी लागतात. मी परभणीत राहायला आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. सोनपेठला माहेरी आम्ही दुसऱ्यांना नावं ठेवायचो आणि तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं. इथं आल्यावर शेजारच्या मोठ्या काकूंनी, म्हणजे निवृत्त हेडमास्तरांच्या बायकोनं, मला चहाला बोलावलं. चहा झकास होता, म्हणून मी तसं म्हणाले. काकू एकदम हात झटकून म्हणाल्या, "कसला झकास, माय! पाणचट झालाय नुस्ता. मला चहाच येत न्हाई." मी भाबडेपणानं म्हटलं, "असं होय? मग पुढच्या वेळी पत्ती जरा जास्त टाका." त्यानंतर कितीतरी दिवस काकूंनी मला चहाला बोलावलं नाही.

शेवटी कोपऱ्यावरच्या वहिनींना माझी दया आली. त्यांनी मला दारामागं नेऊन गल्लीचा दस्तूर समजावून सांगितला. "आवं मॅडम, बाई स्वतःला नावं ठेवायली की आपण म्हणायचं, 'गप बाई, कायबी बोलू नको!' अन् मग तारीफ करायची. पुढं आपली पाळी आली की ती आपली करती. एवढंच तर हाय." वहिनी स्वतः अंगानं काडीसारख्या. रोज सकाळी नळाला पाणी भरताना त्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "लय जाडी झाले बाई मी," आणि हंडे तिथंच सोडून आम्ही सगळ्या त्यांची समजूत काढायला धावायचो.

मी शिकले. मास्तरणीला शिकायला कितीसा वेळ लागतो? पेडगावच्या बाजूला एका शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. दिवसभर पोरांच्या पाटीवर 'छान' आणि 'शाब्बास' लिहायचं आणि संध्याकाळी गल्लीत शिरलं की, "मला कुठं काय येतंय?" हे सुरू करायचं. हळूहळू मला त्यातली मेख कळली. ज्या गोष्टीत आपण खरंच चांगल्या आहोत तिलाच नावं ठेवायची. वहिनींनी कमरेला ठेवावीत, काकूंनी चहाला, मी अक्षराला. माझं अक्षर मोत्यासारखं आहे. लग्नाच्या आहेराच्या पाकिटांवर गल्लीतल्या सगळ्यांची नावं मीच लिहिते आणि प्रत्येक पाकिटामागं, "कोंबडीचे पाय झालेत हो," असं म्हणून 'गप बाई' वसूल करते. पण खरं दुखणं मात्र तिथं काढायचं नाही. एका ताईंचे केस खरोखरच गळून विरळ झाले होते. त्या बिचाऱ्या केसांबद्दल अवाक्षर काढत नसत. काढलं असतं तर आम्हाला खोटं बोलावं लागलं असतं, आणि खोटं बोलायला लावणारी बाई कुणाला आवडते?

उत्तर द्यायला उशीर करणं हा मोठा गुन्हा होता. "मी म्हातारी दिसायले," असं कुणी म्हणाल्यावर समोरचीनं तिच्या तोंडाकडं नुसतं निरखून पाहिलं, तरी दुसऱ्या दिवशी पाहणारीचं नाव सगळ्यांच्या तोंडी असायचं.

या सगळ्यात माझी एकच गैरसोय झाली. गल्लीत 'गप बाई' म्हणायला चारजणी होत्या. घरी मालक आणि लेक होती, पण तसं म्हणणारं कुणीच नव्हतं. बोलायची सवय मात्र माझ्याबरोबर घरी यायची. भाकरी थापताना, आरशासमोर केस विंचरताना, शाळेची पर्स भरताना मी मनातल्या मनात चालूच असायचे. काय हे तोंड, काय हा आवाज, तुला काही म्हणजे काही जमत नाही. समोरून उत्तर यायचं नाही, म्हणून मग ते तसंच आत मुरायचं. मला वाटायचं सगळ्याच बायकांचं असं असतं. अजूनही वाटतं, बहुतेकींचं असतंच.

चुडाव्याची बाई आमच्या गल्लीत आली ती याच सुमारास. माहेर चुडाव्याचं, म्हणून गल्लीत तिला चुडाव्याचीच म्हणायचे. ती एका बँकेत कॅशियर होती. मालक पूर्णा जंक्शनला रेल्वेत. पहिल्या दिवशी तिच्या अंगावर मोरपंखी साडी होती. वहिनींनी रीतीप्रमाणं सुरुवात करून दिली, "साडी लय छान हाय वो तुमची." आता तिनं म्हणायचं होतं की कसली छान, जुनी आहे, सेलमध्ये घेतली, मला कुठं शोभते. ती म्हणाली, "हाय ना? मलाबी लय आवडती. मला हा रंग खुलतो."

नळाखाली भरून वाहायला लागलेली घागर बाजूला घ्यायचंही कुणाला सुचेना.

ती गेल्यावर काकूंनी निकाल दिला. "लय शिष्ट हाय." मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला ती शिष्ट वाटली नव्हती, मला तिचा राग आला होता. रंग खुलतो असं ती म्हणाली आणि तो खरंच खुलत होता, याचाच जास्त. पुढं ती काहीही बोलली तरी आमच्या अंगावर काटा यायचा. "आज वांगं फर्मास जमलं, वाटीभर घ्या." "माझा हिशोब कधी चुकत न्हाई." एकदा तर ती स्वतःहून म्हणाली, "मला पोळ्या येत न्हाईत." वहिनी सवयीनं म्हणाल्या, "गप बाई, कायबी बोलू नका." त्यावर ती म्हणते, "न्हाई वो, खरंच येत न्हाईत. वातड होतात. मालकच करतात." चांगल्याला चांगलं आणि वाईटाला वाईट म्हणणाऱ्या बाईशी बोलायचं तरी काय? आम्ही तिला चार हात लांब ठेवलं. फक्त तिच्याकडं आईचा पितळी सोऱ्या होता, जड, बारीक भोकांचा, कुरडयांसाठी एक नंबर. तो मात्र उन्हाळ्यात मागून आणायचो.

मग एका वर्षी माझ्या लेकीचं लग्न ठरलं. पुण्याचं स्थळ, लग्न मे महिन्यात परभणीलाच. रुखवतात कुरडया ठेवायच्या होत्या, आणि त्या माझ्याच हातच्या हव्यात असं लेकीनं सांगितलं होतं. "आई, विकतच्या नकोत. त्यांच्याकडं सगळं विकतचंच असतं. तुझ्या हातचं काहीतरी मांडू." पोरगी कधी काही मागत नाही. तेवढं मागितलं, म्हणून त्या कुरडया मला लग्नाच्या शालूपेक्षा मोठ्या वाटायला लागल्या.

कुरडयांचं काम तसं सोपं, फक्त त्याला लक्ष लागतं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून त्याचं पांढरं दूध गाळून ठेवायचं, तोच चीक. तो उकळत्या पाण्यात सोडून, हाटून शिजवायचा. शिजला की काचेसारखा तुकतुकीत दिसतो, ओल्या बोटाला चिकटत नाही. मग गरमागरम सोऱ्यातून पाडायचा. आमच्या गल्लीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आत सगळं वाळवण उरकतात, कारण जयंतीची तयारी लागली की कुणाचं लक्ष घरात राहत नाही. त्याच दिवसांत शाळेत परीक्षा होती. एक दिवस मी उशिरा आले, गव्हाचं पाणी बदलायचं राहिलं. परभणीचं चैत्रातलं ऊन म्हणजे विचारायलाच नको. दुसऱ्या दिवशी गव्हाला वास आला. मी नाक मुरडलं, आणि मनातलं नेहमीचं बोलणं सुरू झालं, 'तुला काही जमतच नाही.' रोजच हे ऐकत असल्यामुळं मी त्याकडं लक्ष दिलं नाही. या एका वेळी ते खरं बोलत होतं, हे ओळखायला माझ्याकडं साधनच उरलं नव्हतं.

तेच गहू वाटून चीक गाळून ठेवला, आणि पहाटे काकूंच्या गच्चीवर विटांची चूल मांडली. काकू, वहिनी, बाकीच्या दोघी, सगळ्या आल्या. मी चीक हाटला. पाण्याचा अंदाज चुकला असावा. कितीही हाटलं तरी चीक पांढराच. ओलं बोट लावलं तर बोटाला चिकटून आला. जिभेवर ठेवला तर आंबट.

"बिघडला," मी म्हणाले.

"गप बाई!" चौघी एका सुरात म्हणाल्या. वहिनी हसल्या, "दरवर्षी मॅडमचं हेच असतंय."

"न्हाई वो, खरंच बिघडला. आंबलाय."

"कायबी बोलू नको. लेकीच्या लग्नाचं काम हाय," असं म्हणून काकूंनी पळीभर चीक घेतला आणि तोंडात टाकला. त्यांचे डोळे मिटले, गाल आत गेले, नाकपुड्या फुगल्या. मग त्यांनी तो कसाबसा गिळला. "अमृत हाय माय, अमृत," असं म्हणून त्यांनी घटाघट तांब्याभर पाणी पिलं.

मी तिसऱ्यांदा म्हणाले. माझा आवाज रडकुंडीला आला होता. पण जितका रडकुंडीला यावा तितकी तारीफ चढायला लागली. कुणी म्हणालं, असा चीक अख्ख्या गल्लीत होत नाही. कुणी म्हणालं, मॅडमच्या हाताला चवच आहे. मला हाका मारून विचारावंसं वाटत होतं की बायांनो, माझं कुणी ऐकणार आहे का? पण मला कळून चुकलं की मी गेली कित्येक वर्षं त्यांच्यासमोर जे काही बोलले ते त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. मीही त्यांचं ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात चुडाव्याची वर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिचा सोऱ्या बोलावला होता. तो हातात देताना तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं, बोट लावलं, चाटलं.

"मॅडम, हा बिघडलाय," ती म्हणाली. "आंबलाय अन् कच्चाबी हाय. वाळल्यावर तुकडे होतेत. पाडू नका."

काकू कडाडल्या, "लग्नाच्या कामात अशी तोंड घालून अपशकून करायलीस? कळतंय का काही?" बाकीच्यांनी 'च्, च्' केलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आता सगळं मी काय म्हणते त्यावर होतं. त्या क्षणी मला काय वाटलं ते स्पष्टच सांगते. मला तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी म्हणाले तेच ती म्हणत होती. कुणीतरी माझा शब्द खरा धरला होता. आणि मी काय केलं? सोऱ्या घेतला, चीक भरला आणि म्हणाले, "पाडू या. होतील चांगल्या." चौघींना नाराज करायची माझी छाती झाली नाही. चुडाव्याची जिना उतरून खाली गेली.

दोन प्लास्टिकचे कागद भरून कुरडया पाडल्या. प्रत्येक कुरडईची वेगळी तारीफ झाली. संध्याकाळी त्यांना भेगा पडल्या. वाळल्या तेव्हा हात लावेल तिथं भुगा. एक तळून पाहिली, ती खिळ्यासारखी टणक राहिली. आमच्या मालकांनी ती दाढेखाली धरून बराच वेळ चावली आणि म्हणाले, "चव चांगलीये." गल्लीच्या दस्तुराची लागण आता पुरुषांनाही झाली होती. गच्चीवर बायका जमल्या, भुग्याकडं बघितलं, आणि वहिनी म्हणाल्या, "कावळ्यांनी केलं बघा." परभणीच्या कावळ्यांवर एवढा मोठा आळ पूर्वी कधी आला नसेल.

मी घरी येऊन भुग्याचा डबा पुढ्यात घेऊन बसले. जयंती तोंडावर आली होती, त्यानंतर लग्नाची धावपळ. लेकीनं मागितलेली एकच गोष्ट माझ्या हातून गेली होती. दारात चुडाव्याची उभी. आत येऊन तिनं डबा पाहिला आणि 'मी म्हणले नव्हते का' असलं काही बोलली नाही.

"गहू किती हायेत घरात?"

"आहेत की."

"मग आजच भिजवा. जयंती झाली की दुसऱ्या दिवशी माझ्या गच्चीवर पाडू. पाणी मी बदलीन दुपारी, बँक जवळच हाय. चावी देऊन ठेवा."

मी म्हणाले, "मला काही जमत नाही हो." आणि सवयीनं थांबून राहिले. 'गप बाई' येईल म्हणून.

ती समोर बसली. "काय जमत न्हाई? चीक का आणखी काही?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मला उत्तर ठाऊक नव्हतं, तरी तोंडातून आलं. चीक नव्हे. लेक गेल्यावर या घरात मी काय करू, ते जमत नाही. शाळेतून परत यावंसं वाटत नाही. हे मी गल्लीत एकदोनदा काढून पाहिलं होतं. "गप बाई, तुझ्यासारखी नशीबवान कोण," असं ऐकून परत ठेवून दिलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "वाटणारच की. मोकळं घर खायला उठतंय. माझंबी उठायचं, मालक ड्युटीवर असले की." एवढंच. तारीफ नाही, समजूत नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा ठेवायला उठले, आणि तो झकास झाला.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी चीक हाटला. तो तुकतुकीत झाला. ओल्या बोटाला चिकटला नाही. "कसा झालाय?" तिनं विचारलं. माझ्या ओठांवर 'बरा झालाय म्हणायचा' आलं. ती पळी हातात धरून तशीच बघत राहिली. "चांगला झालाय," मी म्हणाले. मला लाज वाटली, जणू काही मी गल्लीत मोठ्यानं शिवी दिली होती. समोरच्या गच्चीवरून काकू कपडे वाळत घालता घालता बघत होत्या.

लग्न झालं. बुद्धवंदना झाली, आंदण झालं, पाहुणे रुखवत बघायला आले. जावयाच्या मोठ्या मावशी कुरडयांसमोर थांबल्या. पांढऱ्याशुभ्र, जाळीदार, एकही तुटलेली नाही. "कुणी केल्यात? लय छान झाल्यात हो." आमच्या गल्लीच्या सगळ्या जणी मागं उभ्या होत्या. त्यांनी श्वास रोखून माझ्याकडं पाहिलं. उत्तर ठरलेलं होतं, 'कसल्या छान.' वहिनींच्या तोंडात 'गप बाई' तयार होतं, मला ते दिसत होतं.

"हो, छान झाल्यात," मी म्हणाले. "आम्ही दोघींनी केल्यात." आणि चुडाव्याच्या बाईला हाताला धरून पुढं ओढलं. तिच्या अंगावर तीच मोरपंखी साडी होती. तिला तो रंग खुलतोच.

त्यानंतर गल्लीत मीही जराशी शिष्ट ठरले. नळावर माझी घागर थोडी उशिरा भरते. काकू मात्र अधूनमधून दुपारी हळूच येतात. परवा म्हणाल्या, "मॅडम, माझा गुडघा खरंच दुखायलाय." मी विचारलं, "कुठं?" त्या चकित होऊन माझ्याकडं बघत राहिल्या. मग बसल्या आणि दाखवायला लागल्या.

दिवाळीच्या आधी लेकीचा फोन आला. आवाज बसलेला. "आई, इथं मला काहीच जमत नाहीये. सासूबाईंना म्हणाले, माझ्या पोळ्या काही नीट होत नाहीत, तर त्या म्हणाल्या, 'बरं, मग मी करते.' ऑफिसात म्हणाले, मला प्रेझेंटेशन येत नाही, तर त्यांनी दुसरीला दिलं. ही माणसं बोललेलं खरं मानतात गं."

माझ्याच कोंबडीच्या पायांची भाषा होती ती. लहानपणापासून तिनं ती माझ्या तोंडून ऐकली होती आणि पुण्याला रुखवताबरोबर घेऊन गेली होती. तिथं 'गप बाई' म्हणणारी गल्ली नव्हती. माझ्या तोंडात मात्र ते आलंच, 'गप बाई, तुझ्यासारखी हुशार कोण.' मी ते गिळलं. काकूंनी चीक गिळला होता तसं.

"खरं सांग," मी म्हणाले. "पोळ्या येतात का तुला?"

ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली.

"येतात."

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले. पहिलीच्या वर्गात म्हणते तसं.

"येतात, आई. चांगल्या येतात. प्रेझेंटेशनही येतं." आणि ती रडायला लागली.

मी तिला 'गप' म्हटलं नाही. तिचा शब्द मी खरा धरला.